लोखंडाविना अर्धंच

सुलाऊच्या हातच्या परतलेल्या नूडल्सना नावं ठेवील असा माणूस त्या शाळेत अजून आलेला नाही, आणि तिच्या तोंडी लागून जिंकेल असा तर अजून जन्मायचाय. कापित गावाहून बोटीनं दोन तास वर गेलं की नदीच्या वळणावर ती शाळा लागते. तिथल्या कँटीनमध्ये सुलाऊ एकवीस वर्षं झारा चालवतेय. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण कोणत्या पोराला तिखट सोसत नाही, कोण घरून उपाशी आलंय आणि कोण दोनदा खाऊन तिसऱ्यांदा रांगेत उभं आहे, हे ती चेहऱ्यावरून ओळखते. वरून साहेब तपासणीला आले तरी टेबल पुसून होईपर्यंत बाई त्यांना उभंच ठेवते.

तिच्यासमोर एकच विषय काढायचा नाही, हे शाळेत सगळ्यांना पाठ होतं. तो विषय म्हणजे ‘डोहाची लेक’ नावाची मलय कादंबरी. एकदा एक नवा ग्रंथपाल ते पुस्तक बगलेत धरून चहा मागायला आला. सुलाऊनं चहा दिला, पण त्यात साखरेच्या जागी मीठ होतं. बिचाऱ्यानं कारण विचारलं तर म्हणाली, “त्या पुस्तकानं माझ्या आईला खाल्लं. तू ते काखेत घेऊन हिंडतोस. मीठच गोड मानून घे.”

तिची आई मेंगान. आमच्या इबान लोकांत पूर्वी पुरुषाचं नाव व्हायचं भाल्यानं आणि बाईचं नाव व्हायचं पुआनं. पुआ म्हणजे आमचं विणलेलं मोठं कापड. बाळ जन्मलं की त्यात धरायचं, माणूस गेला की भोवती टांगायचं, आणि गवाईच्या सणाला देवांच्या नैवेद्यामागे लावायचं. पुआ करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आधी चौकटीवर सूत ताणायचं, त्यावर नक्षीच्या गाठी बांधायच्या, मग ते सूत बारतोंडीच्या मुळांच्या लाल रंगात बुडवायचं, वाळवायचं, गाठी सोडायच्या आणि मग कुठे विणायला बसायचं. सुतानं रंग धरला नाही तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते आणि बाई अंथरूण धरते ते वेगळंच. म्हणून या रंगवण्याला आमच्या म्हाताऱ्या ‘बायकांची लढाई’ म्हणतात.

मेंगाननं सत्ताविसाव्या वर्षी मगरीचा पुआ विणला. एवढ्या ताकदीचं कापड मुकं नसतं. त्याचं स्वतःचं चार ओळींचं गाणं असतं. त्याला जुलोक म्हणतात. जुलोक विणणारीला स्वप्नात मिळतो, आणि तो फक्त तिला आणि ती ज्या एकीच्या कानात सांगेल तिला ठाऊक असतो. बाकीच्या लांबघरानं, म्हणजे एकाच लांब छपराखाली राहणाऱ्या अख्ख्या वस्तीनं, एवढंच जाणायचं की गाणं आहे. कुणाला ते हवंच असेल तर रीत ठरलेली आहे. एक लोखंडी सुरी, एक चिनी मातीचा वाडगा आणि एक कोंबडा आणून द्यायचा. त्यातही लोखंड मुख्य. गाणं देताना बाईचा जीव हलका होतो, तो लोखंडानं परत जागेवर बसतो. न देता जुलोक ऐकणाऱ्याचे डोळे जातात असंही म्हणतात. कुणाचे गेलेले आम्ही पाहिले नाहीत, पण पाहायची हौसही कुणी केली नाही.

अशा घरात तीस वर्षांपूर्वी एन्साली आला. तो इबानच, पण कुचिंग शहरात सरकारी कारकुनाच्या घरात वाढलेला. लांबघरात शिरताना डोकं आपटून घेतलं आणि भात खायला चमचा मागितला, त्यावरूनच बायकांनी त्याचं पाणी जोखलं. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता. आपल्या लोकांवर मलय भाषेत कादंबरी लिहितोय म्हणाला. तीन दिवस मेंगानच्या मागे मागे हिंडला, शेवटी तिनं त्याला समोर बसवून काहीतरी सांगितलं. जाताना त्यानं तिच्या हातात बिस्किटांचा डबा आणि कॉफीच्या पुड्या ठेवल्या.

दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. राजधानीत त्याला बक्षीस मिळालं. पुस्तकाच्या मध्यावर नायिका डोहाकाठी बसून गाते आणि तिथे चार ओळींचं गाणं आहे, अशी बातमी नदीवरून वर आली. मागोमाग मुखीचा भाचा पुस्तकच घेऊन आला. लांबघराच्या ओसरीवर सगळे जमले. त्यानं पान उघडलं मात्र, बायकांनी कान झाकून घेतले. मग भाच्यानं वाचलं नाही. नुसत्या बोट ठेवून ओळी मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

झालं. मेंगाननं बिस्किटांवर जुलोक विकला, ही गोष्ट संध्याकाळच्या आत चुलीचुलीला पोचली.

“मी अर्धाच दिला,” मेंगान म्हणाली. “पोरानं लोखंड आणलं नव्हतं. लोखंड नाही, तर अर्धंच.”

विणणाऱ्या बायकांत तेव्हा जाविंगचा शब्द चाले. ती मेंगानपेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि हातानं जरा उणी, हे ती स्वतःही जाणून होती. ती म्हणाली, “पुस्तकात चार ओळी आहेत, मेंगान. अर्ध्याच्या चार कधीपासून व्हायला लागल्या?”

पुस्तकात चार ओळी कशा आल्या, हे मेंगानलाही कळत नव्हतं. तेव्हापासून तिचा पुआ उष्टा झाला. गवाईला तो कुणी मागितला नाही, मयतीला कुणी नेला नाही. मेंगाननं तो घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला, माग सोडून ठेवला आणि पुन्हा सुताला हात लावला नाही. मरायच्या आधी तिनं सुलाऊला जवळ बोलावलं आणि पुन्हा तेच सांगितलं, अर्धाच दिला म्हणून. सुलाऊ तेव्हा थकलेली होती, रात्र-रात्र जागून चिडलेली होती. ती म्हणाली, “पुरे आता, आई. झालं ते झालं.”

मेंगाननं लेकीकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन चारही ओळी सांगितल्या आणि भिंतीकडे वळली. ती नजर सुलाऊ बारा वर्षं विसरू शकली नाही. ओळी तिला पाठ होत्या. पण ते पुस्तक तिनं घरात येऊ दिलं नाही, कुणाला वाचू दिलं नाही. आपली आई खोटं बोलली याचा पुरावा कोण हौसेनं ऐकतं?

आणि मग सरकारनं नेमकं तेच पुस्तक अकरावीच्या परीक्षेला लावलं.

मलय शिकवायला चिगू रोहायझा होती. चिगू म्हणजे आमच्याकडे मास्तर आणि बाई दोन्ही. ही केलांतानहून समुद्र ओलांडून आलेली, तिशीच्या आतली, मनापासून शिकवणारी. मार्चमध्ये तिच्या वर्गाचं छप्पर दुरुस्तीला काढलं, म्हणून ती पोरं घेऊन कँटीनच्या बाकांवर येऊन बसली. सुलाऊ मागे टोपलीभर मिदिन या रानभाजीची कोवळी पानं निवडत होती. तिनं दोनदा भांडी आपटली, एकदा घसा खाकरला. चिगूला काही सुधरेना. पोरांसमोर कुठे जाणार म्हणून सुलाऊ तोंड पाडून बसून राहिली.

“आता या गीताकडे लक्ष द्या,” चिगू म्हणाली आणि वाचू लागली.

“ऊठ, शेवाळल्या पाठीच्या आजोबा,
नदीनं तुझ्यासाठी दार उघडलंय…”

सुलाऊचे हात थांबले. ओळी मलयमध्ये होत्या, पण परक्याचे कपडे घातलेला सख्खा भाऊ ओळखू यावा तशा ओळखू आल्या. तेच आजोबा, तेच दार. आईचा आवाज कानात भरला. आता पुढचं येणार, आता सगळं उघडं पडणार, म्हणून तिनं डोळे घट्ट मिटले.

“विणून झालं माझं कापड, आता बुडवते रंगात,
आसवांनी माझ्या लाल होऊ दे काठ.”

सुलाऊनं डोळे उघडले. क्षणभर तिला वाटलं आपलेच कान गेले. आणि मग ती हसायला लागली. साधंसुधं नाही, पोट धरून. मिदिनची टोपली लाथेनं लवंडली. पोरं मागे वळून बघायला लागली. चिगू गोरीमोरी झाली. सुलाऊला ती माक चिक म्हणे, म्हणजे मावशी.

“माक चिक, हा पुस्तकातला सगळ्यात दुःखाचा प्रसंग आहे. यावर चार गुणांचा प्रश्न येतो.”

“चार गुण? त्या बाईला चार फटके द्या, चिगू! कापड विणून झाल्यावर रंगात बुडवते ती? अगं, सगळं एकसारखं लाल होईल की! मगर कुठाय, नक्षी कुठाय, काही दिसायचं नाही. आमच्यात सात वर्षांची पोर असं बोलायची नाही!”

“पण गाईडमध्ये लिहिलंय की हे गीत म्हणजे लेखकाच्या प्रतिभेची…”

“शेवटचं अर्धं असेल त्याच्या प्रतिभेचं. पहिलं अर्धं माझ्या…”

ती तिथेच थांबली. हसू गेलं. ती तांदळाच्या पोत्यावर मटकन बसली.

“पुरता दिलाच नव्हता,” ती म्हणाली. “तिनं खरंच अर्धाच दिला होता.”

आणि मग एवढी खंबीर बाई, जिला शाळेनं कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, ती चाळीस पोरांसमोर ओक्साबोक्शी रडली. चिगूनं पोरांना लवकर सुट्टी दिली. ती पोत्याशेजारी फरशीवर बसली आणि सुलाऊनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बिस्किटं, ओळी मोजणं, पेटी, आणि शेवटची ती नजर.

“सगळ्या जगानं खोटी ठरवलं ते सोड,” सुलाऊ म्हणाली. “मी ठरवली. दुसरं कुणी तपासू शकतच नव्हतं. जुलोक एकट्या मला ठाऊक, आणि मीच पुस्तक उघडू दिलं नाही.”

चिगूनं सांडलेली पानं टोपलीत भरली. मग म्हणाली, “एकाच्या पुस्तकात दुसऱ्याचे शब्द कसे येऊन बसतात, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं, माक चिक. त्याला मोठं नावही आहे. पण ज्या बाईचे शब्द उचलले ती पुढे कशी जगली, हे नाही शिकवलं कुणी.”

“आता तू शिकव. गवाईला येशील घरी? पुस्तक घेऊन?”

गवाईच्या आदल्या दिवशी सकाळी लांबघराच्या ओसरीवर बायका कापडं निवडायला बसल्या होत्या. एका टोकाला बांबूत कोंबडी शिजत होती, दुसऱ्या टोकाला तुआकची, म्हणजे तांदळाच्या दारूची, रांजणं उघडून चव बघण्याच्या नावाखाली पुरुषांनी निम्मं संपवलं होतं. मधोमध जाविंग, आता सगळ्यांची इनी, म्हणजे आजी. आता एक्याऐंशी वर्षांची, तोंडात दातांपेक्षा विडाच जास्त. नैवेद्यामागे कुणाचा पुआ लागायचा, हे अजूनही तीच ठरवी. सुलाऊनं पत्र्याची पेटी आणून तिच्यासमोर ठेवली.

जाविंगनं पेटी ओळखली. तीस वर्षांत तिनं ती विसरलेली नव्हती. “उचल ती, सुलाऊ. उष्टं पान देवापुढे मांडत नाहीत.”

“इनी, तुम्ही ते पुस्तकातलं गाणं ऐकलंय?”

“ऐकून आंधळी होऊ या वयात?”

“मग उष्टं आहे, हे चाखून कुणी सांगितलं?”

सुलाऊनं कमरेची सुरी काढली आणि चटईवर मधोमध ठेवली. “हे लोखंड. ज्याला भीती वाटते त्यानं हात लावून बसावं. ज्याचे डोळे जातील त्याला मी जन्मभर भरवीन. चिगू, वाच.”

सात-आठ हात सुरीकडे सरकले. चिगूनं पहिल्या दोन ओळी वाचल्या. मगरीला आजोबा म्हणून हाक मारलेली ऐकली आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा आला. एकीनं तर लेकराला पोटाशी धरलं. मग तिसरी ओळ आली.

“काय?” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“पुन्हा वाच, पोरी. विणून झाल्यावर काय करते म्हणालीस?”

“रंगात बुडवते.”

पहिली हसली ती खिडकीपाशी बसलेली एक लठ्ठ विणकरीण. मग शेजारची. मग अख्खी ओसरी.

“धुवायला टाकलं असेल गं, त्यात लाल लंगोट गेला असेल!”

“कुचिंगला अशीच पद्धत असेल, मशीनमध्ये!”

“आणि आसवांनी काठ लाल! अगं, माझ्या आसवांनी रंग धरला असता तर बारतोंडी खणायला जंगलात कशाला मेले असते मी?”

जाविंग हसली नाही. त्या ओळी मोजणारा भाचा आता स्वतःच मुखी झाला होता, पोटही मुखीला शोभेसं सुटलं होतं. तो सावरून घेत म्हणाला, “कवी लोक शब्द फिरवतात हो. मूळ ओळी वेगळ्या असतील, यानं बदलल्या असतील.”

“पहिल्या दोन का नाही फिरवल्या मग?” जाविंगनं विचारलं. “ज्याच्या ताटात अख्खा मासा आहे, तो चिखलाची शेपटी करून लावत नाही. त्याच्याकडे शेपटी नव्हतीच. तू ओळी मोजल्यास, वाचल्या नाहीस.”

“तुम्हीच तर कान झाकून बसला होता, इनी!”

“होय,” जाविंग म्हणाली. “कान झाकले आणि तोंड उघडं ठेवलं. तीस वर्षं.”

तिनं विडा थुंकला आणि सुलाऊकडे वळली. “पहिल्या दोन तिच्याच?”

“तिच्याच.”

“आणि पुढच्या?”

“माझ्याजवळ आहेत.”

“मला सांगू नकोस हं,” म्हातारी घाईनं म्हणाली. मग तिनं स्वतः पेटीचं झाकण उघडलं. पुआ उलगडला तेव्हा बायका पुढे झुकल्या. तीस वर्षं अंधारात पडूनही लाल रंग तसूभर उतरला नव्हता. मगरी एकमेकींच्या शेपट्यांशी तोंडं लावून ओळीनं पोहत होत्या, आणि एकही गाठ चुकलेली नव्हती. तरण्या विणकरणींनी असं काम कधी पाहिलंच नव्हतं. एकीनं बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं.

जाविंगनं आपल्या पानाच्या डब्यातली सुपारी कातरायची सुरी काढली. साठ वर्षांची, पातं झिजून काडी झालेली. ती तिनं कापडावर ठेवली. “हे मेंगानला. मी काही न देता तिचं नाव खाल्लं.”

मग ती दोघींच्या खांद्यांवर भार टाकून उठली आणि पुआ कुठे लावायचा ते बोटानं दाखवलं. नैवेद्याच्या बरोब्बर मागे, मधोमध, जिथे एवढी वर्षं तिचा स्वतःचा पुआ लागत आला होता. पुरुषांनी तो टांगला. घंटा वाजल्या. सुलाऊनं तुआकचा पहिला पेला स्वतः न पिता कापडाखाली जमिनीवर ओतला आणि मोठ्यानं म्हणाली, “आई, जिंकलीस!” लाजायचं कशाला? जिंकलीच होती ती.

चिगूनं त्या लेखकाला पत्र लिहून सगळं कळवलं होतं. ऑगस्टमध्ये तो आला. एन्साली आता पंचावन्न वर्षांचा, केस पांढरे, मोठा माणूस. कापितच्या बोटीतून उतरताना त्याच्या एका बगलेत कोंबडा होता. कोंबड्यानं वाटभर टोचून टोचून त्याचा हात सोलून काढला होता. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाडगा, आणि कमरेला कोरी सुरी. लांबघरात शिरताना त्याचं डोकं पुन्हा त्याच तुळईला आपटलं. सुलाऊ तिथे उभीच होती.

“तीस वर्षांत पुस्तकं लिहिलीस, भाऊ, वाकायला नाही शिकलास.”

“शिकायलाच आलोय, अका,” तो म्हणाला.

त्यानं तीनही वस्तू पुआखाली मांडल्या आणि खाली बसला. “तुमच्या आईनं दोन ओळी सांगितल्या आणि गप्प बसल्या. मला वाटलं, पुढचं विसरल्या. मी शहरातला. मला कुठे ठाऊक, गप्प बसणं हेसुद्धा सांगणंच असतं. मग घरी बसून मी जोडून दिलं. लोकांनी त्याच दोन ओळींचं सगळ्यात जास्त कौतुक केलं. प्रबंध लिहिले त्याच्यावर.”

“कापड रंगात बुडवण्यावर?”

“‘स्त्रीच्या वेदनेचं प्रतीक’ म्हणून.”

सुलाऊ इतकी हसली की कोंबडा सुटून पळाला आणि त्याला धरायला अर्धं लांबघर धावलं. तो धरून आणेपर्यंत दोघांनी भात खाल्ला. यावेळी त्यानं चमचा मागितला नाही.

जेवण झाल्यावर त्यानं मुद्द्याला हात घातला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. चूक सुधारायची होती. “लोखंड आणलंय, अका. वाडगा, कोंबडा, सगळं आहे. पुढच्या दोन ओळी द्याल?”

ओसरीवरच्या बायकांनी माना वर केल्या. रीतीप्रमाणे त्याची मागणी चुकीची नव्हती, आणि सुलाऊलाही ते माहीत होतं. ती सुरी हातात घेऊन तिच्या पात्यावर अंगठा फिरवत बसली. ओळी जिभेवर होत्या. छापल्या गेल्या तर आईचं गाणं सगळ्या देशातली पोरं म्हणतील, हेही तिला दिसत होतं. तिला मोह झाला नाही असं नाही.

“हे लोखंड तू जे नेलंस त्याचं झालं,” शेवटी ती म्हणाली. “तेवढं फिटलं. आई असती तर तिनं काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. पण तिनं जीव मोडून जे राखलं, ते मी एका कोंबड्यावर सोडणार नाही. माझी लेक बिंतुलूला आहे. पुढल्या गवाईला येईल तेव्हा ते तिच्या कानात जाईल.”

“मग त्या दोन ओळींच्या जागी मी काय घालू?”

“काही नको. रिकामं सोड.”

“छापील पुस्तकात?”

“का? तुमच्यात जागा महाग आहे का? रिकामं सोड, आणि खाली नाव लिही. मेंगान अनाक उंगांग. मेंगान, उंगांगची लेक. नीट लिही, तिच्या बापाचं नावही चुकवू नकोस.”

एन्सालीनं वही काढली आणि नाव लिहून तिला वाचून दाखवलं. तिनं ते तीनदा वाचायला लावलं.

नवी आवृत्ती पुढच्या फेब्रुवारीत शाळेत आली. तिच्या महिनाभर मागून गाईडही आलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत चिगू रोहायझा दोन्ही घेऊन कँटीनमध्ये आली. हसू दाबून दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

“माक चिक, ऐका. प्रश्न सहावा. ‘कवितेतील रिकाम्या जागेचे महत्त्व स्पष्ट करा.’ उत्तर. ‘ही रिकामी जागा आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचे प्रतीक आहे.’ सहा गुण!”

“आधी चार होते ना?”

“रिकाम्या जागेला दोन वाढले.”

“बघ,” सुलाऊ म्हणाली, “माझी आई गप्प बसूनसुद्धा दोन गुण जास्त मिळवते.” तिनं कढईत नूडल्स टाकल्या. “आता ते सोड. गाणं वाच. पुस्तकातलं.”

चिगूनं पान उघडलं. रांगेतली पोरंही गप्प झाली, कारण आता ते कुणाचं गाणं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

“ऊठ, शेवाळल्या पाठीच्या आजोबा,
नदीनं तुझ्यासाठी दार उघडलंय…”

मग चिगू थांबली. पुस्तकात दोन ओळींची कोरी जागा होती, आणि ती जागा वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ ती गप्प राहिली. कढईत तेल चरचरत होतं. त्या आवाजाआड सुलाऊचे ओठ हलले. दोनच ओळी, पूर्ण, आईनं सांगितल्या तशा. कुणालाही काही ऐकू गेलं नाही.

“मेंगान अनाक उंगांग,” चिगूनं शेवटचं वाचलं.

सुलाऊनं झारा उचलला आणि रांगेतल्या पहिल्या पोराला विचारलं, “अंडं घालू का रे वर?”